बाळ दूध ओढत नाही

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे अकोल्याला आली होती. नवव्या दिवशी सकाळी म्हणाली, "बाबा, बाळ दूध ओढत नाही." ताप नाही, रडणे नाही. उलट नातू गपगार आणि तळपाय थंड! अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, मीठमोहऱ्या उतरवल्या. "लेकराले नजर लागली वं माय!"

मी मात्र चरकलो, कारण गडचिरोलीची हकीकत वाचलेली होती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तिकडच्या 39 खेड्यांत गावच्याच बायांना हीच लक्षणे ओळखायला शिकवली: दूध तोडणे, रडणे क्षीण होणे, अंग गार पडणे, छाती आत ओढली जाणे. तान्ह्याच्या रक्तात जंतू शिरले म्हणजे ताप येतोच असे नाही, हे आम्हा शहरी शहाण्यांना कुठे ठाऊक! त्या बाया घरोघर जाऊन जेंटामायसीनचे इंजेक्शन देत, सोबत पोटात औषध. या दुखण्याने दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण शेकडा 16.6 वरून 2.8 वर आले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले.

डॉक्टरांनी आधी जेमतेम एक मिलिलिटर रक्त काढून पोषक द्रवाच्या बाटलीत घातले, मगच औषध सुरू केले. हा क्रम मोलाचा. औषध आधी गेले, तर बाटलीत जंतू उगवेलच याचा भरवसा नाही. बाटली 37 अंशांच्या उबेत ठेवायची नि वाट पाहायची. ते दोन दिवस आम्ही कसे काढले, विचारू नका.

उतार पडेना, म्हणून रात्री अमरावतीला हलवले. मूर्तिजापूर मागे पडले तोच फोन आला: जंतू सापडला, बर्कहोल्डेरिया. क्वचित आढळणारा, पाण्यात राहणारा, जंतुनाशक द्रावणातही तग धरणारा. आणि जेंटामायसीनला दाद न देणारा! गडचिरोलीत ज्याने एवढी बाळे तारली, ते औषध येथे लंगडे पडले होते. चाचणीत मेरोपेनेम लागू पडले, तेच सुरू झाले.

जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला का, हे पाहण्यासाठी पाठीच्या कण्यातले पाणी काढायचे होते. सौभाग्यवती कडाडून नाही म्हणाल्या. "औषध किती दिवस द्यायचे, ते त्यावर ठरेल," डॉक्टर शांतपणे म्हणाले. जावयांनी सही केली. हात कापत होता. पाणी स्वच्छ निघाले.

पाचव्या दिवशी नर्सबाईंनी मुलीला आत बोलावले. वाटीतले दूध चमच्याने ओठांशी नेताच नातवाने जीभ पुढे काढली.

अक्का अजूनही म्हणते, गुण मीठमोहऱ्यांचा. मी वाद घालत नाही.