विश्लेषण : हट्टी, चंचल मुलांच्या हाती गरी का द्यावी? किनाऱ्यावरची मासेमारी त्यांना काय शिकवते?

वर्गात दहा मिनिटे बसवत नाही, सांगितलेले ऐकत नाही, चटकन हातघाईवर येतो... अशा मुलाला ‘शांत बस’ म्हणून काही साधत नाही. त्याला हाताला काम लागते. कोकण किनाऱ्यावर असे एक काम पूर्वापार चालत आले आहे, ते म्हणजे गरवणे. गरी-दोरी घेऊन किनाऱ्यावरूनच मासे पकडायचे. ब्रिटनमध्ये ‘गेट हुक्ड ऑन फिशिंग’ ही संस्था गळमासेमारीच्या माध्यमातून मुला-तरुणांसोबत काम करते. आपल्याकडेही हे शक्य आहे. मात्र त्यासाठी तयारी हवी.

अशा मुलांना हे का जमू शकते?

इथे चूक माणूस दाखवत नाही, दोरी दाखवते. आमिष सैल लावले तर मासा ते खाऊन निघून जातो. कोणी न ओरडता मुलाला कारण समजते आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. शिवाय मोठा माणूस समोर उभा राहून जाब विचारत नाही, शेजारी बसून पाण्याकडे पाहतो. अशा वेळी मुले सहज बोलती होतात. अर्थात हा उपचार नव्हे. ‘एडीएचडी’सारखे निदान झाले असेल, तर औषधे किंवा समुपदेशन थांबवू नये.

पहिला दिवस कसा असावा?

दीड-दोन तास पुरेत. महागड्या रॉडची गरज नाही. तंगूस, शिसे, लहान गरी आणि कोळंबीचे तुकडे एवढे बस्स. सुरुवातीला रावस, जिताड्याची स्वप्ने दाखवू नयेत. लहान मासा लागला तरी मूल टिकते. एका वेळी एकच सूचना द्यावी. आमिषाचा डबा सांभाळण्यासारखी खरी जबाबदारी द्यावी. कंटाळा आला तर खडपातले खेकडे पाहू द्यावेत. ‘नीट वागलास तरच नेईन’ ही अट घालू नये. ज्याला नीट वागणे अवघड जाते, त्याच्या हातून या अटीमुळे ही संधीही जाते.

भरती-ओहोटीचे गणित काय?

तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, तर नऊच्या सुमारास ओहोटी. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा नवख्या मुलांना नेऊ नये. हा हिशेब मुलालाच करायला सांगावा आणि भरतीच्या अधिकृत तक्त्याशी ताडून पाहावा.

धोके कोणते?

पावसाळ्यात आणि शेवाळलेल्या खडकांवर जाऊ नये. लाटेकडे पाठ करू नये. दोन मुलांमागे एक जाणता माणूस आणि प्रत्येक मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे. गरीचे उलटे टोक पक्कडीने दाबून टाकावे, म्हणजे बोटात रुतली तरी काढणे सोपे जाते. दोरी फेकण्यापूर्वी मागे पाहण्याची सवय लावावी. शिंगाळ्याच्या आणि पाखटाच्या काट्यात विष असते. काटा लागल्यास तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून डॉक्टरांकडे जावे. फुगणारा केंड मासा विषारी असू शकतो. तो खाऊ नये.

मासा लागला तर? आणि नाहीच लागला तर?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. लहान मासा ओल्या हाताने सोडवून पाण्यात परत सोडावा. हातात आलेली वस्तू स्वतःहून सोडून देणे हा हट्टी मुलासाठी मोठा धडा असतो. तुटलेली दोरी गोळा करून घरी आणावी, कारण तिच्यात पक्षी आणि कासवे अडकतात.

अनेकदा रिकाम्या हातानेही परतावे लागते. तेव्हा ‘वेळ फुकट गेला’ असे म्हणू नये. वारा, पाणी, आमिष यांपैकी काय बदलायचे, हे त्यालाच विचारावे. शक्य असल्यास गावातल्या जुन्या गरवणाऱ्याची ओळख करून द्यावी. शाळेत ‘त्रासदायक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाला इथे कोणी त्या नावाने ओळखत नाही. पुढच्या फेरीचा दिवस मात्र पंचांग पाहून त्यालाच ठरवू द्यावा.