भरदुपारचा बर्फ

एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि सुट्टीची तिकिटं सिक्कीम-मनालीची निघतात. नेमका याच दिवसांत तिथला बर्फ बिघडतो. उन्हाने वितळलेलं पाणी थरांत मुरतं, कणांची पकड सुटते आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून ओला, जड बर्फ घसरतो. थांबला की सिमेंटसारखा घट्ट. गाडलेल्याची आशा १५ मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. ४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथुला खिंडीच्या रस्त्यावर भरदुपारी हिमस्खलन झालं, सात पर्यटक गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतचीच होती आणि ते त्यापुढे गेले होते, हे वाचून जास्त चुटपुट लागते. जाणते गिर्यारोहक रात्री गोठलेल्या बर्फावरून पहाटेच चढतात, ऊन तापायच्या आत उतरतात. रात्री बर्फ गोठलाच नाही, तर बेत रद्द. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची ‘डीजीआरई’ ही संस्था देते. निघण्याआधी ते पाहावेत, आणि टॅक्सीवाला ‘पुढे नको’ म्हणाला तर हुज्जत घालू नये.