आईकडून आलेली ओळख

घरातील तरुण मुलगा युद्धावर जातो आणि एके दिवशी दारात तार येते : 'बेपत्ता'. मृत्यूची वार्ता आली तर आई रडून तरी घेते. हा शब्द तिला रडूही देत नाही. दुसऱ्या महायुद्धात असे बेपत्ता झालेले 70 हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक अद्यापि सापडलेले नाहीत, व त्यांपैकी पुष्कळांना समुद्राने पोटात घेतले आहे. जे सापडले, अशा तिघांची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

10 सप्टेंबर 1944 रोजी पॅसिफिक महासागरात 'एंटरप्राइझ' या विमानवाहू जहाजावरून एक 'अ‍ॅव्हेंजर' विमान उडाले. वैमानिक, तोफा चालविणारा आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा, असे तिघे नौसैनिक त्यात होते. पलाऊ बेटे तेव्हा जपानी फौजेच्या ताब्यात होती. मलाकाल बंदरानजीक तोफांचा मारा लागून विमान पाण्यात कोसळले. सुमारे सत्तर वर्षांनी 'प्रोजेक्ट रिकव्हर' या संस्थेच्या शोधकांना ते समुद्रतळाशी आढळले. पाणबुड्यांनी गाळ उपसून अस्थी वर आणल्या, आणि 2023 च्या अखेरपर्यंत तिघांचीही ओळख पटली.

परंतु कोणती अस्थी कोणाची, हे ठरावे कसे? दातांच्या जुन्या नोंदी व हाडांची ठेवण यांचा उपयोग होतो. शिवाय 'मायटोकॉन्ड्रियल डीएनए' नावाचे द्रव्य तपासतात. प्रत्येक पेशीत त्याच्या असंख्य प्रती असल्याने जुन्या हाडांतही ते टिकून राहते. ते मिळते केवळ आईकडून. ती ते सर्व मुलांना देते. पण पुढच्या पिढीस पोचविते फक्त लेक. म्हणून बेपत्ता सैनिकाच्या भावाची मुले येथे उपयोगी पडत नाहीत. बहिणीची मुले, तिच्या लेकीची लेकरे शोधावी लागतात. त्यांच्या गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुना पुरतो. एकच द्रव्य अनेक कुळांत असू शकते, म्हणून इतर पुराव्यांचीही जोड घेतात.

आपण वंशावळ लिहितो ती बापाच्या नावाने. लेक दिल्या घरी गेली की तिची शाखा कागदावरून पुसली जाते. येथे मात्र हरवलेल्या भावाला नाव परत मिळते ते त्याच पुसलेल्या शाखेकडून!

मनिला येथील अमेरिकी दफनभूमीत बेपत्तांची 36 हजारांवर नावे दगडी भिंतींवर कोरलेली आहेत. ज्याची ओळख पटते, त्याच्या नावाशेजारी काशाचे लहानसे फूल बसवितात. ते पाहण्यास त्याची आई बहुधा उरलेली नसते. आम्हांला वाटते, जिने आयुष्यभर दाराकडे डोळे लावले, तिच्याच देहात त्या प्रश्नाचे उत्तर होते. तिला ते कधी कळले नाही. पण ते तिने आपल्या लेकीच्या स्वाधीन करून ठेवले होते.