विश्लेषण : मोठ्या दुकानातला चांगला ‘एचआर’ कसा ओळखावा? त्यासाठी ड्युटी चार्ट का पाहावा?

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला सरकारी कचेऱ्या बंद असतात. साखळी दुकानांत मात्र वर्षातले मोठे ‘सेल’ याच दिवसांच्या आगेमागे लागतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार या दोन्ही दिवशी दुकानातल्या कामगारालाही पगारी सुट्टी आहे. त्याला कामावर बोलावता येते, पण मग दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी अशी दोन्ही द्यावी लागते. ती प्रत्यक्षात मिळते की ‘टार्गेट’चे कारण पुढे करून विसरली जाते, हे बऱ्याच अंशी दुकानाच्या मनुष्यबळ व्यवस्थापकावर, म्हणजेच ‘एचआर’वर अवलंबून असते.

कार्यालयातल्या ‘एचआर’पेक्षा हे काम वेगळे कसे?

कार्यालयात बहुतेकांची येण्याजाण्याची वेळ एक, सुट्टीचा वार एक आणि मालकही एकच. दुकानात यातले काहीच नसते. सकाळपाळी, दुपारपाळी, वीक-ऑफ कधी मंगळवारी तर कधी गुरुवारी. शिवाय एका छताखाली अनेक मालकांची माणसे. कपडे घडी करून ठेवणारी मुलगी दुकानाची असते, शेजारी क्रीम विकणारी त्या क्रीमच्या कंपनीची, दारावरचा रखवालदार आणि सफाई करणारी बाई कंत्राटदाराची. ग्राहकाच्या लेखी सगळे ‘दुकानवाले’च. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे दुकानावर येते. म्हणून हजेरीपटावर नसलेल्यांचीही खबर ठेवणे हे व्यवस्थापकाचे काम ठरते. भरती, पीएफ, ईएसआयसीचे कार्ड ही कामे कोणीही नीट शिकून करू शकतो. खरी परीक्षा पुढे असते.

ड्युटी चार्टला एवढे महत्त्व का?

कारण कामगाराचे घर त्या कागदावर चालते. ठाण्यातल्या मॉलमध्ये काम करणारी आणि बदलापूरला राहणारी एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणावी. दुकान रात्री दहाला बंद होते, पण गल्ल्याची मोजणी, माल जागेवर लावणे, दारावरची झडती यात पाऊण तास जातो. ती घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र. दुसऱ्या दिवशी तिचीच सकाळपाळी लावली असेल, तर झोपेला पाच तासही उरत नाहीत. रात्रीच्या पाळीला जोडून सकाळपाळी न लावणे ही साधी गोष्ट आहे. तिला खर्च जवळपास नाही, फक्त चार्ट करणाऱ्याला कोण कुठे राहते हे माहीत असावे लागते.

कायदा याहून पुढे जातो. महिलेला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचे तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि दुकानापासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय हवी. दाराशी म्हणजे स्टेशनपर्यंत नव्हे. दहाला बंद होणाऱ्या प्रत्येक दुकानाला हा नियम लागतो, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

तासांचा हिशेबही बदलतो आहे. २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, तसेच तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास ओव्हरटाइम अशी मर्यादा होती. दिवसाचे तास १० आणि ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. ओव्हरटाइमचा दर दुप्पटच आहे. पण तो मिळण्यासाठी जादा तास आधी नोंदले जावे लागतात. सहीचा ‘आउट’ दहाला आणि माणूस बाहेर पडतो पावणेअकराला, ही पाऊण तासाची गळती रोज झाली तर २६ दिवसांच्या महिन्यात साडेएकोणीस तास होतात.

नीट चार्ट लावल्याने दुकानाचा धंदा बसतो का?

अमेरिकेतील ‘गॅप’ या कपड्यांच्या साखळीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातील २८ दुकानांत २०१५-१६ मध्ये संशोधकांनी याचा प्रयोग केला. १९ दुकानांत पाळ्यांच्या वेळा शक्य तितक्या ठरावीक ठेवल्या, कर्मचाऱ्यांना आपापसात मोबाइलवरून पाळी बदलण्याची मुभा दिली. उरलेली दुकाने तुलनेसाठी जुन्याच पद्धतीवर ठेवली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा प्रयोगातल्या दुकानांची विक्री मध्यक हिशेबाने ७ टक्क्यांनी आणि श्रमाची उत्पादकता ५ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

त्याहून बोलकी बाब दुसरी. पाळ्यांची ऐनवेळची ओढाताण ग्राहकांच्या गर्दीमुळे होते, असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात बरीचशी ओढाताण मुख्यालयातून येत होती. मालाची गाडी सांगितल्याप्रमाणे न येणे, सवलतीच्या योजना शेवटच्या क्षणी बदलणे, वरिष्ठांची भेट ठरणे. आपल्याकडच्या दुकानांत काम करणाऱ्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. ‘उद्या साहेब येणार आहेत’ म्हणून किती वीक-ऑफ रद्द झाले, हे कोणी मोजलेले नाही इतकेच. अर्थात तिथला कर्मचारी तासांवर पगार घेतो, इथला बहुधा महिन्यावर. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण गोंधळ कुठून सुरू होतो, हे पाहण्याची रीत उचलण्याजोगी आहे.

गल्ल्यात पैसे कमी भरले तर?

‘कॅश शॉर्ट’ आली की कॅशियरच्या पगारातून कापा, स्टॉक कमी भरला की सगळ्या फ्लोअरवर वाटून टाका, ही सवय जुनी आहे आणि ती कायद्यात बसत नाही. नुकसान त्या कर्मचाऱ्याच्याच हयगयीमुळे झाले असेल तरच, आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतरच, कपात करता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हीच चौकट आहे. मग सर्वांवर दंड वाटणे बसणार कसे? जाणता व्यवस्थापक आधी विचारतो की त्या तासात त्या गल्ल्यावर किती जणांचे हात होते. जेवायला उठलेल्या कॅशियरच्या लॉगिनवर दुसऱ्याने बिले केली असतील, तर दोष पद्धतीचा आहे.

बसायला स्टूल मागणे ही चैन आहे का?

केरळमध्ये कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या महिलांनी यासाठी लढा दिला, आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकाने कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक झाली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक केंद्रीय संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद आहे. तरीही ‘ग्राहकासमोर बसलेले बरे दिसत नाही’ हे वाक्य फ्लोअरवर ऐकू येतेच. पाय सुजलेली विक्रेती ग्राहकाला पाचवी साडी उलगडून दाखवायला कंटाळते, एवढा साधा संबंध तरी लक्षात घ्यायला हवा.

स्टोअर मॅनेजरला ‘नाही’ कोण म्हणणार?

सगळा पेच इथे येतो. स्टोअर मॅनेजरला विक्रीचा आकडा गाठायचा असतो आणि तो फ्लोअरवरचा सर्वेसर्वा असतो. लैंगिक छळाची तक्रार असली तर ती अनेकदा त्याच्या किंवा त्याच्या मर्जीतल्या फ्लोअर सुपरवायझरच्या विरुद्ध असते. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. शाखा वेगळ्या ठिकाणी असतील तर समितीही तिथे हवी. मुख्यालयातल्या समितीचा क्रमांक नोटीस बोर्डावर चिकटवून भागत नाही.

तक्रार आल्यावर तक्रारदार मुलीचीच बदली लांबच्या दुकानात करणे हा सोपा मार्ग असतो. चांगला व्यवस्थापक चौकशी संपेपर्यंत दोघांच्या पाळ्या वेगळ्या लावतो, आणि तिचे तास, पगार, वीक-ऑफ जिथल्या तिथे ठेवतो. हे करायला धाडस लागते. पण त्याहून जास्त लागते ती कंपनीने दिलेली जागा. ‘एचआर’चा वार्षिक अहवाल विभागीय कार्यालय लिहीत असेल तर तो स्टोअर मॅनेजरसमोर चार्ट परत ठेवू शकतो. तोच अहवाल स्टोअर मॅनेजर लिहीत असेल, तर साडेनऊनंतर गाडीशिवाय लावलेल्या पाळीवर हरकतीची सही मिळणे अवघड.