मानवतचा तपास, कोऱ्हाळ्यातून पाहिलेला

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकात अलीकडे मालिकांची चर्चा दूरचित्रवाणीपेक्षा मोबाइलवरच्या मालिकांभोवतीच अधिक रंगते. त्या चर्चेत उशिरा का होईना, पण आवर्जून भर घालावी अशी मालिका म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आलेली, आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व बालिका यांच्या ज्या अमानुष हत्या झाल्या, आणि ज्यांचा छडा लावण्यासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या निष्णात अधिकाऱ्यास पाचारण करावे लागले, त्या प्रकरणाची ही आठ भागांची कथा खुद्द कुलकर्णींच्या आठवणींवर बेतलेली आहे. आशुतोष गोवारीकरांनी हा अधिकारी मोठ्या संयमाने उभा केला आहे. परंतु खरी कमाल मकरंद अनासपुरे यांची. ज्यांच्या तोंडच्या मराठवाडी बोलीला हसण्याची सवय आपल्याला वर्षानुवर्षे जडली आहे, त्यांचीच ती बोली येथे अंगावर काटा आणते. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनीही कसूर ठेवलेली नाही. मधले भाग मात्र रेंगाळतात (संकलकाने कात्री जरा सढळ हाताने चालवावयास हवी होती).

या हत्यांच्या मुळाशी असलेले गुप्तधन, नरबळी हे सारे इतिहासजमा झाले, असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. जादूटोणाविरोधी कायदा अमलात यावयास महाराष्ट्रात २०१३ साल उजाडले, आणि तेही अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर.

लहान मुलांना समवेत घेऊन मात्र पाहू नये.