पेण-रोह्याचा देखावा कोणी बांधला?

रेल्वेने पेण सोडलं की कासू-नागोठण्यापर्यंत जो मुलूख दिसतो, त्याचे फोटो आता घरोघरी पोचले आहेत. श्रावणातली सपाट हिरवी खाचरं, मधूनच एखादं तळं, पश्चिमेला तिवरांची गडद रेघ आणि तिच्यापलीकडे धरमतरची खाडी. पुढे रोह्याला कुंडलिका भेटते, तीही भर वैशाखात वाहती, जेव्हा कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रात नुसते धोंडे उरलेले असतात. इथली माणसं पाहुण्याला हे सगळं अभिमानाने दाखवतात आणि निसर्गाने भरभरून दिलंय म्हणतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पेणची ही सपाटी समुद्राकडून हिसकावून घेतलेली आहे आणि रोह्याची उन्हाळी नदी घाटमाथ्यावरून वळवून आणलेली आहे. दोन्हींच्या मागे माणसांचे कष्ट, करार, तंटे आणि कायदे आहेत. त्यांची आठवण पुसली गेली म्हणूनच हा देखावा आज जागोजागी मोडतो आहे.

पेणचे गणपती, पोहे, पापड, विनोबांचं गागोदे; रोह्याचे चिंतामणराव देशमुख, पांडुरंगशास्त्री आठवले आणि पोलिसांची सलामी घेणारे धावीर महाराज, हे वाचकांना ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही. एवढंच नोंदवतो की पेणच्या मूर्तींची शाडूची माती गुजरातेतून येते. पेणच्या स्वतःच्या मातीची हकिकत शोधायची तर खाडीकाठच्या खारेपाटात, वाशी-शिर्कीच्या बाजूला उतरावं लागतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी जिथवर चढतं, त्या पातळीच्या खाली खारेपाटातली बरीच भातशेती आहे. ती शेती म्हणून उभी आहे ती केवळ बाहेरकाठ्यामुळे. खाडीच्या चिखलमातीचा हा लांबच लांब बांध, आणि त्यात जागोजाग उघाड्या: ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला दार बंद ठेवायचं. पण नुसता बांध घातला म्हणून जमीन पिकत नाही. मातीतलं मीठ पावसाळ्यामागून पावसाळे धुऊन काढावं लागतं. उन्हाळ्यात ते खालून पुन्हा वर चढतं, ढेकळांवर पांढरं फुटतं, आणि मृगाचा पाऊस त्याला परत खाली ढकलतो. म्हणून इथे मोड आलेलं बी चिखलात फेकून रहू पेरण्याची रीत पडली. म्हणूनच काळा रता, बुरा रता अशी मीठ सोसणारी तांबडी भातं इथे टिकली, आणि पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, २, ३ हे वाण काढले. शेताकडेच्या तळ्यांत जिताडा मासा वाढतो तोही याच घडीचा भाग. बाहेरकाठ्याला एक खांड, म्हणजे भगदाड, पडली, तर एका उधाणात ही वर्षानुवर्षांची धुलाई फुकट जाते आणि पुढची दोन-तीन वर्षं ती जमीन पीक देत नाही. खारेपाटाचा हिरवेपणा असा दर वर्षी नव्याने कमवावा लागतो.

तो पहिल्यांदा कमावला कोणी? याचं उत्तर शोधताना एक माणूस भेटतो, ज्याला आपल्या इतिहासलेखनाने जवळजवळ वाळीतच टाकलं आहे. देशमुख-देशपांड्यांवर पुस्तकं आहेत, खोतांवर तर कथा-कादंबऱ्याही आहेत. शिलोत्रीदारावर मात्र फारसं काही नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा-जंजिऱ्याचा अकरावा खंड १८८३ साली निघाला. त्यात जमीनधाऱ्याच्या निरनिराळ्या पद्धती सांगताना शिलोत्रीचं वर्णन येतं. व्यवहार साधारण असा: खाडीकाठच्या पाणथळ खाजणाला बांध घालायला सरकार स्वतः पुढे येत नसे. पदरचा पैसा आणि माणूसबळ घालायला जो तयार असेल त्याला कौल मिळे; सुरुवातीची काही वर्षं सारा माफ, मग चढत्या दराने. ज्याने बांध घातला तो शिलोत्रीदार. काही ठिकाणी जमीन संपूर्ण त्याच्या कह्यात आणि कूळ त्याच्या मर्जीवर, तर काही ठिकाणी कुळाचा पाय जमिनीत बराच पक्का. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. सरकारी साऱ्याखेरीज कुळाकडून भाताच्या रूपाने वेगळी वसुली होई, तिला शिलोत्री मण म्हणत, आणि ती बाहेरकाठ्याच्या डागडुजीपोटी असे.

या शिलोत्री मणापाशी मी थांबतो, कारण सगळ्या कागदपत्रांत मला तो सर्वांत बोलका वाटतो. समोर दिसणाऱ्या हिरव्या सपाटीची किंमत किती, ती कोणी भरायची आणि तिच्या बदल्यात कोणी काय करायचं, हे त्या वसुलीत उघडपणे लिहिलेलं होतं. बांध राखणं हा भाताच्या उत्पादनाचाच खर्च आहे, वरून केलेला उपकार नव्हे, हे ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना पक्कं माहीत होतं. आजच्या कुठल्याही अंदाजपत्रकात हा हिशेब इतक्या स्पष्टपणे मांडलेला दिसत नाही. खारभूमीवरचा खर्च तिथे दुरुस्ती या सदरात येतो आणि निधी असेल तसा होतो.

यावर लगेच येणारा आक्षेप मला मान्य आहे. ही कुळांना नाडणारी व्यवस्था होती, तिचे गोडवे कसले गाता? खारेपाटातल्या कुळांची किती पिळवणूक झाली, याचा पुरावा शेजारच्या अलिबाग तालुक्यातच आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसायला नकार दिला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. समुद्र मागे हटवून केलेल्या जमिनीवर सहा वर्षं पीक न काढणं म्हणजे काय, हे खारेपाटाबाहेरच्या माणसाला चटकन उमगणार नाही. तेव्हा शिलोत्री परत यावी असं मी मुळीच म्हणत नाही. शिवाय बांध घातला शिलोत्रीदाराने असं कागद सांगतो खरा, पण चिखल उपसला, वाहिला आणि रचला तो आगरी आणि इतर कष्टकऱ्यांनी. त्यांची नावं गॅझेटियरात नाहीत.

माझी तक्रार पुढे जे घडलं त्याबद्दल आहे. १९४८ साली मुंबई खार जमीन कायदा आला आणि त्यासाठी मंडळ नेमलं गेलं. १९५५ साली खास कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यासाठी शिलोत्री हक्क नष्ट करणारा कायदा झाला. एका जिल्ह्यातल्या एका धाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्याचा पसारा कळतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसेल त्याची जमीन झाली. हे सगळं न्यायाचंच होतं. पण जमिनीचा हक्क कुळाकडे आला तेव्हा बांधाचं कर्तव्य त्याच्याबरोबर आलं नाही. ते मंडळाकडे गेलं, आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमानंतर सरकारी खात्याकडे. गावात पूर्वापार जोळ होती: ज्यांची शेतं एका बांधाआड, त्यांनी मिळून श्रमाने तो राखायचा. बांध सरकारचा झाला तशी जोळही विरत गेली. आज पेणला खारभूमीची कचेरी आहे, गावात शेतकरी आहे, पण खांड पडली त्या रात्री मातीचा पहिला घमेला टाकायचा अधिकार आणि पैसा नक्की कोणाकडे, याचं उत्तर मिळत नाही. खांड ही वाट पाहणारी गोष्ट नव्हे. दर भरती-ओहोटीला ती रुंदावते, आणि पुढच्या उधाणाआधी बुजवली नाही तर काम कैक पटींनी वाढतं. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांना मात्र चंद्राच्या कला ठाऊक नसतात.

दुसरा आक्षेप पर्यावरणाच्या बाजूने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. बांध फुटला, पाणी आत आलं, तिवर वाढले. मग बिघडलं कुठे? कांदळवन किनारा राखतं, माशांची पिल्लं त्यात वाढतात, समुद्राची पातळी वाढत असताना मातीच्या भिंतीपेक्षा ते जास्त भरवशाचं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनतोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्कं केलं, तेही योग्यच. पण खारेपाटात याचा परिणाम काय झाला पाहा. खांड वेळेवर न बुजल्याने ज्याच्या शेतात खारफुटी उगवली, त्याला आता ती काढता येत नाही. सातबारा त्याच्या नावावर, जमिनीत तिवर, आणि नुकसान ज्या दिरंगाईने झालं तिची जबाबदारी कोणावरच नाही. समुद्राला काही जमीन परत द्यायची असेल तर तो निर्णय गावासमोर मांडून, मोबदला ठरवून, कुठला बांध राखायचा आणि कुठला सोडायचा हे नकाशावर आखून घ्यावा. दुर्लक्षातून आपोआप उगवलेलं जंगल हे कुणाच्याही धोरणाचं यश नव्हे. शिवाय बाहेरकाठ्याच्या बाहेरच्या अंगाला तिवरांचा पट्टा असेल तर लाटांचा मारा बांधावर कमी बसतो, हे खारेपाटातले जाणते शेतकरी ओळखून आहेत. बांध आणि तिवर यांचं वैर कागदावर जितकं आहे तितकं चिखलात नाही.

रोह्याकडे गेलं की हीच कथा गोड्या पाण्यात दिसते. भिऱ्याचं टाटांचं वीजगृह १९२७ सालचं. त्याला पाणी पुरवणारं मुळशीचं धरण मुळा-निळेच्या संगमावर. ते पाणी खरं भीमेकडे आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. ते सह्याद्रीच्या धारेवरून पश्चिमेला सोडून वीज केली, आणि वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत आलं. त्यासाठी मावळातली गावं बुडाली. १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह, त्याचे नेते सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे आपल्याला पुण्याच्या इतिहासातलं प्रकरण म्हणून शिकवलं जातं. ते रोह्याच्याही इतिहासात यायला हवं, कारण त्या लढ्याच्या पराभवाचं पाणी आजही रोज रोह्यातून वाहतं. डोलवहाळ बंधाऱ्यावरून कालव्यांनी उन्हाळी भात पिकलं, धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, कोलाडला तराफ्यांचा खेळ रुजला. सकाळी वीजगृहातून पाणी सुटतं म्हणून तो खेळ सकाळी चालतो. आता पुणे-सोलापूरकडून मागणी येते की टाटांच्या धरणांचं पाणी वीज करून समुद्राकडे घालवण्यापेक्षा दुष्काळी भीमा खोऱ्याला द्या. तहानलेल्या माणसाची ही मागणी अन्यायाची म्हणता येत नाही. पण त्या वादात एका बाजूला वीज आणि दुसऱ्या बाजूला सोलापूर एवढेच पक्ष मोजले जातात. जवळजवळ शंभर वर्षं या पाण्यावर वसलेलं कुंडलिकेचं खोरं तिसरा पक्ष म्हणून बसवलं जात नाही, कारण नदी तर नैसर्गिक, तिच्यावर हक्क कसला सांगायचा, असं आपणही धरून चालतो. शंभर वर्षांचा वापर हा पुरावा आहे. रोह्याने तो गोळा करून मांडायला हवा.

पेणमध्ये एकदा असा पुरावा मांडला गेला आणि तो कामी आला. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, उरण, पेण आणि पनवेल तालुक्यांत जमीन घ्यायचं ठरलं तेव्हा खारेपाटातली जमीन खारवट, एकपिकी, म्हणून घ्यायला हरकत नसलेली असं चित्र रंगवलं गेलं. शेतकऱ्यांनी, प्रा. एन. डी. पाटलांसारख्या नेत्यांच्या साथीने, दुसरा कागद पुढे केला: यातली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत, सरकारनेच त्यांना ओलिताचं आश्वासन दिलंय, मग ही जमीन नापीक कशी? त्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचं मत घेतलं. सेझच्या जमिनीसाठी देशात झालेलं हे पहिलं मतदान मानलं जातं, आणि कौल प्रकल्पाच्या विरोधात पडला. तो सेझ पुढे उभा राहिला नाही. मतदानाच्या बातम्या सगळ्यांना आठवतात. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची युक्तिवादाची रीत. शेतकऱ्यांनी निसर्गसौंदर्य वाचवा असा टाहो फोडला नाही. या जमिनीवर कोणतं काम झालं आहे आणि कोणतं होणं बाकी आहे, हे त्यांनी दाखवलं.

बाकी राहिलेलं काम मात्र मोठं आहे. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि वाशी-शिर्कीच्या बाजूला उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वणवण असते. या पाण्याच्या मोलातून ठरावीक वाटा खारेपाटाच्या बाहेरकाठ्यांसाठी बाजूला काढता येईल. तो ग्रामसभेच्या ताब्यातल्या खात्यात ठेवता येईल, आणि ज्यांची शेतं त्या बांधाआड आहेत त्यांच्या सहीने खर्चता येईल. शिलोत्री मणात बांधाच्या खर्चाचा जो हिशेब होता तो घ्यायचा आणि धन्याला वगळायचं. १९७९ च्या कायद्यात यासाठी बदल करावा लागेल, आणि तो कसा असावा हे पेणच्या कचेरीतल्या अभियंत्यांना व वाशी-शिर्कीच्या जाणत्यांना एकत्र बसवूनच ठरवावं लागेल. तोवर खांडीला मुदत घालून द्यावी: ती पडल्यापासून पुढच्या उधाणाच्या आत. त्या मुदतीत कचेरी पोचली नाही तर गावाने बांध घालावा आणि खर्च सरकारने भरून द्यावा.