ग्रामीण गृहकर्जाची पात्रता आणि विश्वस्त जमीन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ग्रामीण कुटुंबांना सरकारच्या आधाराने गृहकर्ज देण्याची व्यवस्था १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अस्तित्वात आली. या कायद्याचे ५०२ वे कलम आरंभी शेतमालकांपुरतेच होते. १९६१ साली शेती न करणाऱ्या ग्रामस्थांनाही ते लागू झाले. १९९४ च्या पुनर्रचनेपासून हे काम कृषिखात्याच्या ग्रामीण विकास विभागाकडे आहे. कर्जे दोन प्रकारची असतात. एकात सरकार स्वतःच धनको असते. दुसऱ्यात कर्ज खाजगी संस्था देते व सरकार त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत हमी घेते.

पात्रतेच्या अटी वरकरणी सोप्या दिसतात. गाव ग्रामीण व्याख्येत बसावे आणि घर अर्जदाराच्या कायम वास्तव्याचे असावे. कुटुंबाचे उत्पन्न थेट कर्जासाठी त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आणि हमीच्या कर्जासाठी ११५ टक्क्यांच्या आत असावे लागते. थेट कर्जाचे व्याज सवलतीने १ टक्क्यापर्यंत उतरू शकते आणि मुदत ३३, काही प्रसंगी ३८ वर्षांची असते. मात्र अर्जदाराला वाजवी अटींवर अन्यत्र कर्ज मिळत नाही, हे दिसावे लागते. आणि तो हप्ते फेडू शकेल, हेही दिसावे लागते. बँकेने नाकारावा इतका गरीब, पण हप्ता थकणार नाही इतका स्थिर असा अर्जदार या नियमांना अपेक्षित आहे. अशी माणसे वाटतात तितकी विपुल नसतात.

या अटींचा खरा कस दक्षिण डाकोटातील ओग्लाला लाकोटा काउंटीत लागतो. २०१५ पर्यंत ती शॅनन काउंटी म्हणून ओळखली जात असे. ती सर्वस्वी पाइन रिज या अमेरिकन इंडियन राखीव प्रदेशात मोडते. तिला स्वतःचे मुख्य ठाणे नाही. तिचे बरेचसे प्रशासकीय काम शेजारच्या फॉल रिव्हर काउंटीतील हॉट स्प्रिंग्ज येथून चालते. देशातील अत्यंत दरिद्री काउंट्यांमध्ये तिची गणना होते. ग्रामीणत्वाचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही आणि उत्पन्नाची कमाल मर्यादाही क्वचितच आड येते. आड येते ती जमीन.

१८८७ च्या वाटप कायद्याने अमेरिकन इंडियनांची सामाईक जमीन व्यक्तिशः वाटून देण्याचे धोरण सुरू झाले. वाटलेली जमीन ठराविक मुदतीपर्यंत सरकारने विश्वस्त म्हणून धारण करावयाची होती. विश्वस्तपण संपताच कर आणि विक्री यांपायी ती झपाट्याने परक्या हातांत गेली. वाटपातून उरलेली ‘अतिरिक्त’ जमीनही वसाहतवाल्यांना खुली करण्यात आली. १८८७ मध्ये १३ कोटी ८० लक्ष एकर असलेली अमेरिकन इंडियनांची जमीन १९३४ मध्ये सुमारे ४ कोटी ८० लक्ष एकरांवर आली. त्या वर्षीच्या कायद्याने वाटप थांबवले व विश्वस्तपण बेमुदत वाढवले. उरलेली जमीन त्यामुळे वाचली, हे नाकारता येत नाही. परंतु अशी जमीन केंद्रीय गृहविभागाच्या इंडियन व्यवहार कार्यालयाच्या मंजुरीवाचून गहाण पडत नाही, आणि गहाणावाचून गृहकर्ज नाही.

त्यात पिढ्यापिढ्यांचे वारस आहेत. वाटप झालेला तुकडा प्रत्यक्ष न विभागता केवळ हिश्शांनी वाटला गेल्याने एकेका तुकड्याला डझनावारी, कधी शेकडो सहहिस्सेदार असतात. सामाईक सातबाऱ्याचा अनुभव असलेल्या वाचकास ही अडचण अधिक सांगावयास नको. म्हणून घर बहुधा भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बांधले जाते व गहाण पडतो तो पट्टा. त्यासाठी सहहिस्सेदारांची संमती आणि कार्यालयाकडून हक्काचा दाखला मिळवावा लागतो. हा दाखला येण्यास महिनोन्‌महिने लागल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. तोवर बांधकामाचे दर बदलतात. शिवाय कर्ज थकल्यास घर खुल्या बाजारात कोणासही विकता येत नाही, म्हणून खाजगी धनको प्रारंभीच पाऊल मागे घेतो.

उपाय झाले नाहीत असे नाही. १९९२ च्या कायद्याने अमेरिकन इंडियनांसाठी १८४ व्या कलमाखाली स्वतंत्र कर्जहमी निर्माण केली. २०१२ च्या कायद्याने जमातींना स्वतःचे नियम करून भाडेपट्टे मंजूर करण्याची मुभा दिली. २०१८ साली कृषिखात्याने निराळाच प्रयोग आरंभला: दक्षिण डाकोटातील दोन मूलनिवासी वित्तसंस्थांना प्रत्येकी ८ लक्ष डॉलर दिले आणि ५०२ व्या कलमाची कर्जे त्यांनीच आपल्या लोकांना द्यावीत असे ठरवले. त्यांपैकी एक, मझास्का, पाइन रिजवरच काम करते. जमिनीचे कागद कोणत्या क्रमाने हलवावयाचे, हे दूरच्या बँकेपेक्षा तिला अधिक ठाऊक असते. तथापि हक्काचा दाखला तिलाही त्याच केंद्रीय कार्यालयातून आणावा लागतो.